बेने इस्राएल मुलांसाठी रोज भरणारी मराठी बालवाडी हवी

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयाला शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानल्यापासून ‘बालवाटिका’ हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला आहे, आणि या वयातल्या मुलांना काय शिकवावे, कोणत्या भाषेत शिकवावे, किती लिहायला लावावे, यावर वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले जात आहे. या चर्चेत आमच्या एका लहान समाजाचा प्रश्न मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यूंच्या, समाजातील, अलिबागच्या इस्रायल आळीत वाढलेली आणि ठाण्यात तीस वर्षे मराठी बालवाडीत शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. माझे म्हणणे असे की, मुंबई किंवा ठाण्यात ज्यू मुलांसाठी आठवड्यातून पाच दिवस भरणारी, मराठी माध्यमाची, सर्व धर्मांच्या मुलांना खुली, परंतु शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, आणि आमचे सण पाळणारी निदान एक बालवाडी सुरू व्हावी, आणि तिला लागूनच पहिली-दुसरीचे वर्ग असावेत. रविवारच्या तासाभराच्या वर्गावर आता भागणार नाही.

माझ्या लहानपणी शनिवारी सकाळची शाळा असे. शब्बाथच्या दिवशी लिहायचे नाही, हा घरचा नियम आणि शाळेत जायचे, हा सरकारचा नियम, अशा दोन नियमांमध्ये सापडलेल्या मला आईने पहिल्याच शनिवारी स्वतः शाळेत नेले आणि बाईंना सगळे सांगितले. बाईंनी माझी पेन्सिल काढून आपल्या टेबलाच्या खणात ठेवली आणि म्हणाल्या, “नको लिहूस. नुसती बस आणि ऐक.” त्यानंतर प्रत्येक शनिवारी मी पाटी कोरी ठेवून दुसऱ्या रांगेत बसले, आणि सोमवारी सकाळी शेजारच्या मुलीच्या वहीवरून शनिवारचे लिखाण उतरवून घेतले. त्या बाई ज्यू नव्हत्या, आणि आमच्या धर्माविषयी त्यांना आईने सांगितले तेवढेच ठाऊक असावे. तरीही माझे शिकणे आणि माझे असणे यांच्यात त्यांनी भांडण लागू दिले नाही, याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

पुढे शिक्षिका झाल्यावर तल्मूद या प्राचीन ज्यू धर्मग्रंथातील एक उतारा माझ्या वाचनात आला आणि मला त्या बाईच आठवल्या. लहान मुलांच्या शिक्षकाला तिथे सांगितले आहे की सहा वर्षांच्या आतील मूल घेऊ नकोस, मारायचीच वेळ आली तर चपलेच्या बंदाने मार, आणि जो वाचतो तो वाचील, जो वाचत नाही तो आपल्या सोबत्यांना सोबत करील. न वाचणाऱ्या मुलालाही वर्गात जागा आहे, ही गोष्ट इतक्या जुन्या काळी कोणी लिहून ठेवली आहे, यावर माझा आधी विश्वास बसेना. त्याच उताऱ्यात यहोशुआ बेन गामला या मुख्य पुरोहिताची हकिगत आहे. त्याच्या आधी मुलांना बापच शिकवीत असे, त्यामुळे ज्याला बाप नव्हता तो अडाणी राही. मग यरुशलेममध्ये शिक्षक नेमले गेले, पण तिथवर मुलाला नेणार कोण? नंतर प्रांतोप्रांती शिक्षक नेमून सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना पाठवू लागले, तर ती मुले शिक्षक रागावला की उठून निघून जात. शेवटी बेन गामलाने गावोगावी शिक्षक बसवले आणि सहा-सात वर्षांची मुले शाळेत आणली. इसवी सन ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पाडले गेले, त्याच्या काही वर्षे आधीची ही गोष्ट. एका शिक्षकामागे पंचवीस मुले, चाळीस झाली तर एक मदतनीस, पन्नास झाली तर दोन शिक्षक, असा हिशेबही तिथे पुढे दिलेला आहे. साठ मुलांच्या वर्गात एकटीने उभी राहिलेली कोणतीही बालवाडी शिक्षिका हा हिशेब वाचून काय म्हणेल, ते मला सांगण्याची गरज नाही.

या परंपरेत सहा वर्षांच्या आतील मुलाला काय द्यायचे, तर लिखाणाचे ओझे नव्हे, तर गोडी. मध्ययुगात जर्मनी-फ्रान्सकडील ज्यूंमध्ये मुलाला प्रथम शाळेत नेताना पाटीवर अक्षरे काढून त्यांवर मध लावीत आणि मुलाला तो चाटायला सांगत. आपल्याकडे दसऱ्याला पाटीपूजन करताना मुलाच्या हाती प्रसाद ठेवतात, त्याच जातीची ही रीत आहे. आणि आज? गेल्या वर्षी आमच्या इमारतीतील चार वर्षांच्या एका मुलीला तिच्या इंग्रजी नर्सरीने रोज दोन पाने गृहपाठ दिला होता. ती मुलगी रात्री नऊ वाजता डुलक्या काढत ‘बी’ आणि ‘डी’ गिरवीत असे, आणि तिची आई तिला हलवून जागे करी. सहा वर्षांखालील मुले शिक्षण हक्क कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, म्हणून अशा नर्सऱ्यांना विचारणारे कोणी नाही. हा प्रश्न केवळ ज्यू मुलांचा नाही, हे मी जाणते.

आमच्या मुलांचा म्हणून जो वेगळा प्रश्न आहे, तो असा. शतकानुशतके कोकणात राहिलेल्या बेने इस्राएलांकडे धर्मग्रंथ नव्हते, रब्बी म्हणजे धर्मगुरू नव्हते. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ म्हणून लोक त्यांना ओळखत. त्यांच्याजवळ उरले ते ‘शेमा’ या प्रार्थनेचे मोजके शब्द, शब्बाथ, सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम. शाळा नसताना हे टिकले ते आया-आज्यांनी दोन-तीन वर्षांच्या मुलांना मांडीवर घेऊन सांगितले म्हणून, आणि सांगितले तेही मराठीत. सणांची नावे पाहा. रोश हशाना, म्हणजे ज्यूंचे नववर्ष, हा ‘नव्याचा सण’, योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस ‘दारफाळणीचा सण’, आणि मंदिराच्या विध्वंसाचा उपवास ज्या बिरड्याने सोडायचा तो ‘बिरड्याचा सण’. हिब्रू नाव विसरले तरी वाल भिजत घालायचे विसरले नाहीत. आमच्या घरी आदल्या रात्री वाल भिजत, मोड आल्यावर आजी परात मधोमध ठेवून आम्हां भावंडांना भोवती बसवी, आणि चिमटीत धरून साल सोलता सोलता यरुशलेम कसे पडले ते सांगे. साल सुटून दाणा उडाला की आम्ही हसायचो, आणि आजी म्हणायची, आज हसू नये. इतिहासाचा तो माझा पहिला धडा आहे आणि तो माझ्या बोटांत आहे.

आज आई-वडील दोघे नोकरीला, आजी डोंबिवलीला किंवा इस्राएलमधल्या अश्दोदला, आणि मूल दिवसभर पाळणाघरात, अशी स्थिती असताना परात मांडायची कोणी? ते काम आता शाळेलाच करावे लागेल. शुक्रवारी इस्राएलमधल्या बहुतेक ज्यू ‘गान’मध्ये, म्हणजे बालवाडीत, एका मुलीला शब्बाथची आई आणि एका मुलाला शब्बाथचा बाबा करतात, दिवे लावतात, द्राक्षरस आणि पाव यांवर आशीर्वाद म्हणतात. आपल्याकडे हेच मनुकांच्या सरबतावर करता येईल, कारण बेने इस्राएलांचा किद्दूश, म्हणजे शब्बाथचा हा आशीर्वाद, पिढ्यानपिढ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेल्या सरबतावरच झालेला आहे. चार वर्षांच्या मुलाला मनुका कुस्करायला द्या; त्याचे हात चिकट होतील आणि शब्बाथ त्याच्या लक्षात राहील. पेसाह सणाच्या रात्री घरातल्या सर्वांत लहान मुलाने प्रश्न विचारल्याशिवाय हग्गादा, म्हणजे त्या रात्री वाचायची पोथी, पुढे सरकत नाही, असा हा धर्म आहे. ती हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली छापली गेली, आणि १८७४ च्या पुण्याच्या प्रतीत तर साड्या नेसलेल्या स्त्रियांची चित्रे आहेत. मुलाने मराठीत प्रश्न विचारावा आणि त्याला मराठीत उत्तर मिळावे, ही सोय आमच्या पूर्वजांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी केली होती.

शाळेचीही सोय त्यांनी केली होती. अलिबागचे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आप्तमित्रांच्या साह्याने १८७५ मध्ये मुंबईत इस्राएलाईट स्कूल काढले. तिथे इंग्रजी आणि मराठीबरोबर हिब्रूही शिकवले जाई. सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर, १९३० च्या दशकात, माझगावची ही शाळा त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या रेबेका रूबेन १९२२ पासून १९५० पर्यंत या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. एका बेने इस्राएल स्त्रीने अठ्ठावीस वर्षे शाळा चालवावी, तीही त्या काळात, ही महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात ठळकपणे नोंदवावी अशी गोष्ट आहे, आणि ती क्वचितच नोंदली जाते. भायखळ्याला बगदादी ज्यूंची सर जेकब ससून शाळाही होतीच. १९४८ नंतर समाज इस्राएलला जाऊ लागला, वर्ग रिकामे होऊ लागले, आणि या शाळांनी आसपासच्या वस्तीतील मुलांना आपले म्हटले. आज तिथली बहुतेक मुले मुस्लिम आहेत. मला यात अभिमान वाटतो, हे मी स्पष्टपणे लिहिते. ज्यूंनी बांधलेल्या वर्गात शेजाऱ्यांची मुले शिकतात, याहून चांगला उपयोग त्या भिंतींचा झाला नसता. माझे दुःख इतकेच आहे की, शेजाऱ्यांच्या मुलांबरोबर बसायला आमची मुले तिथे नाहीत.

आता भाषेविषयी. आपल्याकडे मराठी शाळा वाचवण्याची चर्चा चालते तेव्हा हिब्रूचे उदाहरण हटकून दिले जाते, परंतु ती भाषा बोलती कशी झाली, हे सहसा सांगितले जात नाही. रिशोन लेझियोन या वसाहतीत १८८६ मध्ये हिब्रू माध्यमाची शाळा निघाली आणि १८९८ मध्ये पहिली हिब्रू बालवाडी. घरी यिद्दिश, अरबी, रशियन बोलणारी मुले तिथून हिब्रू घेऊन घरी जाऊ लागली, आणि आया मुलांकडून ती भाषा शिकल्या. कोशकारांचे आणि व्याकरणकारांचे ऋण मोठेच आहे, पण स्वयंपाकघरात हिब्रू नेली ती चार वर्षांच्या मुलांनी. बालवाडीत एवढे बळ असते. मात्र तेच बळ उलट दिशेनेही काम करते, आणि ते मी माझ्याच नात्यात पाहिले आहे. दिमोना, अश्दोद, रामला या गावी गेलेल्या आमच्या लोकांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले, महाराष्ट्र दिन साजरा केला, पण मुले तिसऱ्या वर्षी गानमध्ये गेली आणि परत आली ती हिब्रू बोलत. माझ्या मावशीची नात तिच्याशी मराठीत फक्त ‘पाणी दे’ आणि ‘बस’ एवढेच बोलू शके. ज्या भाषेत मूल तिसऱ्या वर्षी खेळते आणि रुसते, ती भाषा त्याची होते. इथे राहिलेल्या आमच्या घरांत आज हीच गोष्ट इंग्रजीमुळे होत आहे. प्रार्थना हिब्रूत, शाळा इंग्रजीत, आणि आजीची मराठी कुठेच नाही, अशी मुले मी रविवारच्या वर्गात शिकवते. ‘बिरडे’ म्हणजे काय, हे मला त्यांना इंग्रजीत समजावून सांगावे लागते.

या रविवारच्या वर्गाचा अनुभवही सांगते, कारण ‘वर्ग आहे ना’ असे उत्तर मला नेहमी मिळते. आठ-दहा मुले येतात, तासभर बसतात. मी एका मोठ्या पाटीवर डावीकडून ‘श’ काढते आणि उजवीकडून ‘शिन’ हे हिब्रू अक्षर. मुलांना सांगते की मराठी इकडून चालत येते आणि हिब्रू तिकडून, आणि दोघी मधे भेटतात. पाच वर्षांच्या मुलांचा यात जराही गोंधळ होत नाही, गोंधळ पालकांचा होतो. पण पुढच्या रविवारी शिन विसरलेली असते, कारण मधल्या सहा दिवसांत ती कोणी पाहिलेलीच नसते. त्यात एखादा रविवार वाढदिवसाचा, एखादा पावसाचा, एखादा शाळेच्या सहलीचा. लहान मूल रोजच्या क्रमातून शिकते; आठवड्यातून एकदा आलेली गोष्ट त्याच्या लेखी पाहुणी असते.

मुलेच इतकी थोडी, मग शाळा कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. २०११ च्या जनगणनेत देशभरात ज्यूंची संख्या साडेचार हजारांच्या आसपास नोंदली गेली होती, त्यामुळे आक्षेप निराधार नाही. केवळ ज्यू मुलांसाठी शाळा मी मागतही नाही. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमला किंग डेव्हिड नावाची ज्यू प्राथमिक शाळा आहे, तिथे मुस्लिम मुलांचे प्रमाण फार मोठे आहे. ती मुले हिब्रू शिकतात, ज्यू सण साजरे करतात, आणि आपापल्या धर्मातच राहतात. ते पालक या शाळेकडे आनंदाने येतात, कारण तिथे शिस्त आहे, माया आहे, आणि देवाचे नाव घेणे कमीपणाचे मानले जात नाही. माझगाव-भायखळ्याच्या पालकांना हे समजावून सांगावे लागेल असे मला वाटत नाही. पंचवीस मुलांच्या वर्गात पाच जरी आमची असली, तरी वर्ग भरवण्यासारखा आहे.

मुलांना असे वेगळे काढल्याने ती समाजापासून तुटतील, ही दुसरी शंका अधिक गंभीर आहे, आणि अमेरिकेतील ज्यू पूर्णवेळ शाळांविषयी तिथले लोकही ती बोलून दाखवतात. त्या शाळांत दिवसाचा एक भाग धर्मशिक्षणाला आणि दुसरा इतर विषयांना दिला जातो, शुल्क पुष्कळ असते, आणि मूल बालवाडीपासून बारावीपर्यंत आपल्याच लोकांत राहू शकते. तसे मला इथे नको आहे. आठव्या वर्षापर्यंत मुलाची मुळे धरू द्यावीत आणि तिसरीपासून त्याला शेजारच्या साध्या मराठी शाळेत घालावे, असे माझे मत आहे. स्वतःच्या सणाचे नाव ठाऊक असलेले मूल दुसऱ्याच्या सणात बुजत नाही, हे मी बालवाडीत तीस वर्षे पाहिले आहे. बुजते ते आपल्या घरी काय असते हे सांगता न येणारे मूल.

यासाठी लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी हाताशी आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, आणि घटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा अधिकार दिलेला आहे. हा दर्जा मिळाल्याचा आनंद आम्ही केला, पण त्याचा शिक्षणासाठी उपयोग अद्याप केलेला नाही, आणि हा दोष आमचा आहे. समाजाच्या विश्वस्त संस्थांकडे मुंबई-ठाण्यात सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरांच्या, आवारात खोल्या आहेत, त्या सोमवार ते शुक्रवार बंद असतात. अडचण शिक्षिकांची आहे. हिब्रू येणारी बाई बालशिक्षण शिकलेली नसते आणि बालशिक्षण शिकलेल्या बाईला हिब्रू येत नाही. त्यावर उपाय एवढाच की, दोघींना एका वर्गात उभे करावे. बेन गामलाच्या परंपरेतही शिक्षकाला मदतनीस होताच. पुस्तकांची अडचण त्याहून मोठी आहे. अमेरिकेत २००५ पासून एक उपक्रम ज्यू कुटुंबांतील लहान मुलांना दरमहा टपालाने मोफत गोष्टीचे पुस्तक पाठवतो. आमच्या मुलांसाठी मराठीत असे एकही चित्रपुस्तक माझ्या पाहण्यात नाही, ज्यात अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागलेले आमच्या पूर्वजांचे गलबत आहे, घाणा आहे, एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या नावाने केलेल्या मलिद्याचे ताट आहे. राज्यातील बालसाहित्याच्या प्रकाशकांनी आणि शासनाच्या भाषाविषयक संस्थांनी मनावर घेतले, तर दहा-बारा पातळ पुस्तके निघणे अवघड नाही, आणि ती इतर मराठी मुलेही आवडीने वाचतील.

आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांत आमच्या समाजाचे विश्वस्त आहेत, बालशिक्षणात काम करणारे आहेत, चित्रकार आहेत, म्हणून हे पत्र आपल्याकडे पाठवीत आहे. येत्या जूनमध्ये ठाण्यात अथवा भायखळ्याला कोणी दोन हवेशीर खोल्या दिल्या, तर पहिल्या वर्षीचा वर्ग मी विनामानधन घेईन. माझे अक्षरांचे तक्ते, लाकडी ठोकळे आणि चाळीस पाट्या माळ्यावर नीट बांधून ठेवलेल्या आहेत; परात आजीचीच आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, ठाणे